हळदीकुंकू

चोचीच्या टोकाला हळद,
मुळाशी, कपाळाजवळ, कुंकवाचे दोन ठिपके,
म्हणून नाव हळदीकुंकू.
नर असो, मादी असो, दोघांनाही.
नावात आणखी काही नाही
असं मी तीन हिवाळे समजत होतो.

शिरोड्याची मिठागरं संपतात
आणि कोरगूट भाताची खाजणं लागतात,
तिथल्या बांधावर मी वही घेऊन बसे.
पतपेढीतून निवृत्त झालो, पण रकाने सुटले नाहीत:
तारीख, वारा, भरती की ओहोटी, किती.
तलवार बदकं, थापट्या उत्तरेकडून आले
की त्यांच्यामागून गाड्या येत,
हातभर लांब भिंगांचे कॅमेरे येत.
हळदीकुंकवाकडे कोणी वळत नसे.
ते इथलंच. आषाढात इथं, वैशाखात इथं.
पाणी आटलंच तर आरोंद्याच्या खाडीपर्यंत,
माहेरी दोन दिवस राहून यावं तसं.

दुपारभर लव्हाळ्यात पाय पोटाशी घेऊन,
एक डोळा उघडा.
उन्हं कलली की पाण्यात.
डोकं खाली, शेपूट वर,
चिखलात पडलेलं जोडवं शोधावं तसं.
पाय पोवळ्याचे,
पण ते उडतानाच दिसतात,
तेही क्षणभर.

उघाडीची फळी घालायचं-काढायचं काम
भामा आरोसकरणीचं.
नवरा गेला तेव्हा गावकी म्हणाली, दुसरा माणूस बघूया.
ती म्हणाली, "भरतेक काय कळता,
फळी कोणी घातली ता?"
माझ्या वहीत ती एकदाच डोकावली.
"मोज. पण इतक्या मोठ्यान नको,
दिष्ट लागतली."

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर
कुर्ल्यांनी बांध पोखरला.
कापणीला आठ दिवस होते.
फावडी घेऊन माणसं आली,
आणि नेमकं तिथंच, गवताखाली,
स्वतःच्या छातीची पिसं उपटून केलेल्या गादीवर
अकरा अंडी.
भामा आडवी उभी राहिली. हंय नको.
दोन हात जागा सोडा.
बाबुली पेडणेकर हसला,
"पाखरासाठी भात बुडयतलंस?"
तिनं उत्तर दिलं नाही. जागा सुटली.

अमावस्येचं उधाण रात्री दोनला.
पेंढ्याच्या गुंड्या, खताची रिकामी पोती,
ती भोकात कोंबत गेली,
आणि पोती सरली तेव्हा
पाठ लावून बसली.
मी बॅटरी धरली. तेवढंच माझं काम.
पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं,
घरट्याला वीतभर कमी.
पक्षी उठला नाही.
माझा हात हलला, उजेड चोचीवर पडला,
पिवळं, आणि वर ते दोन लाल ठिपके.
भामा बघत राहिली.
"पंधरा वर्सां झाली, माका कोण बोलवक नाय.
आणि ह्या बग, कसा मिरवता."
मग लगेच, "बंद कर ती बॅटरी.
तेच्या डोळ्यार मारू नको."

काळोखात पाणी किती चढलं
ते कळलं नाही. आवाज मात्र येत होता,
पेंढ्यातून झिरपणारा, बारीक,
आणि कुणीतरी श्वास धरून बसलेलं,
ती की तो पक्षी, सांगता येत नाही.

दोन कुणगे खारवले.
दोन्ही बाबुलीचे.
भामानं आपल्या वाट्यातलं भात
त्याच्या ओटीवर नेऊन ओतलं,
तो शिमग्यापर्यंत बोलला नाही.

बारा दिवसांनी सकाळी बांधावरून एक रांग उतरली.
पुढे आई, मागे पिवळट काळे गोळे,
गडगडत, धडपडत, पाण्यात पडले की तरंगत.
घरट्यात दोन अंडी थंड राहिली होती.
मी वही उघडली.
तारीख लिहिली. वारा, नैऋत्य, मंद.
'किती' या रकान्यापाशी पेन थांबलं.
मनात आकडा होता. ओठावर आणला नाही.

ओहोटी लागली होती.
भामा फळी काढायला गेली.